त्र्यंबकेश्वराचा हिरा: दावा कोणी सांगायचा?

कोहिनूर कोणाचा, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे आवाज चढतात. नादिरशहा, रणजितसिंह, टॉवर ऑफ लंडन ही नावं शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. नाशिकच्या हिऱ्याचं नाव काढलं तर मात्र खुद्द नाशिकमध्येही फार थोड्यांना ते ओळखीचं वाटेल. इंग्रजीत त्याला ‘नासक डायमंड’ म्हणतात आणि जगातल्या नामांकित हिऱ्यांच्या यादीत तो एकोणिसाव्या शतकापासून आहे. परंपरा सांगते की तो त्र्यंबकेश्वराच्या भांडारातला. हिंदुस्थानातून गेला तेव्हा त्याचं वजन सुमारे ९० कॅरट होतं. आज ते ४३.३८ कॅरट आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली त्या युद्धात तो इंग्रजांच्या हाती लागला, ब्रिग्ज या अधिकाऱ्यामार्फत गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे गेला आणि तिथून लंडनला पोचला. पुढची दोनशे वर्षं तो एका धनिकाकडून दुसऱ्या धनिकाकडे विकला जात राहिला.

हिंदुस्थानातून गेलेल्या रत्नांविषयी आपण जो वाद घालतो, त्यात कोहिनूरने सगळी जागा व्यापली आहे आणि त्यामुळे आपला सगळा युक्तिवादच कमकुवत झाला आहे, असं मला वाटतं. कोहिनूर हे राजाने राजाकडून घेतलेलं रत्न आहे. नाशिकचा हिरा देवाला वाहिलेला होता. या फरकावर फार काही अवलंबून आहे, आणि तो फरक आपण कधी नीट मांडलेला नाही.

कोहिनूरपासूनच सुरुवात करू. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटली, त्या लुटीत तो इराणकडे गेला. नादिरशहाच्या खुनानंतर तो अफगाणांकडे आला. १८१३ मध्ये रणजितसिंहांनी तो शहा शुजाकडून घेतला, आणि शुजाने तो राजीखुशीने दिला असं कोणीच म्हणणार नाही. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा लाहोरच्या तहात हिऱ्यासाठी स्वतंत्र कलम घालण्यात आलं आणि दहा वर्षांच्या दुलीपसिंहाकडून त्यावर मान्यता घेण्यात आली. लहान मुलाच्या सहीने राज्य आणि रत्न दोन्ही घेणं हा अन्याय होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आज मागणी करायला उभं राहिलं की भारताच्या शेजारी पाकिस्तान उभा राहतो, इराण आणि अफगाणिस्तानातूनही आवाज येतात, आणि ब्रिटनला एवढंच म्हणावं लागतं की आधी तुमचं आपसात ठरवा. आपल्या सरकारचं तरी एकमत कुठे होतं? एप्रिल २०१६ मध्ये सॉलिसिटर जनरलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की कोहिनूर चोरीला गेलेला नाही, बळजबरीने नेलेलाही नाही. लगेच सरकारने खुलासा केला की तो परत आणण्याचे सर्व प्रयत्न केले जातील. राजांच्या मालकीची साखळी अशीच असते. प्रत्येक कडी बळाने जोडलेली, त्यामुळे शेवटच्या बळजबरीवर बोट ठेवलं की समोरचा आधीच्या चार दाखवतो.

आता १८१८ कडे वळू. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात पुणं पडलं, आणि दुसरा बाजीराव सहा-सात महिने पळत राहिला. आष्टीला बापू गोखले कामी आले. जूनच्या सुरुवातीला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला गेला. शाळेच्या पुस्तकात इथे धडा संपतो. इंग्रजांच्या दृष्टीने मात्र एक मोठं काम इथे सुरू झालं: लुटीचा हिशेब.

या हिशेबाकडे आपण फारसं पाहिलेलंच नाही. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार युद्धात हाती आलेली मालमत्ता राजाची होई, आणि राजा हुकूमनाम्याने ती आपल्या सैन्याला बहाल करी. मग सेनापतीपासून शिपायापर्यंत हुद्द्याप्रमाणे हिस्से पडत. दख्खनच्या युद्धातली लूट एवढी मोठी होती की तिच्या वाटणीवरून इंग्रजच आपसात भांडले. सर थॉमस हिस्लॉपचं दख्खनचं सैन्य म्हणे, लढलो आम्ही, तेव्हा लूट आमची. हेस्टिंग्ज उत्तरेत मोठं सैन्य घेऊन होता. त्याच्या बाजूचे म्हणत, मोहीम एकच होती, वाटा आम्हालाही हवा. वाद लंडनला गेला आणि वर्षानुवर्षं चालला. लुटीची रक्कम सांभाळायला विश्वस्त नेमले गेले, त्यांत ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. १८०३ मध्ये असईच्या रणात मराठ्यांचा पराभव करणारा तो हाच वेलस्ली. पुढे १८५२ मध्ये लंडनमध्ये कोहिनूरला नवे पैलू पाडायला सुरुवात झाली, तेव्हा पहिला पैलू पाडण्याचा मानही त्यालाच मिळाला. दख्खनच्या लुटीचा कारभार आणि पंजाबच्या रत्नाचा पहिला पैलू एकाच माणसाच्या हातून व्हावा, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसतं. ही लूट बेभान शिपायांची नव्हती. ती राज्याच्या सर्वोच्च माणसांनी, कागदावर, नियमानुसार केलेली होती.

आणि नियमानुसार केलेली असल्यामुळेच हरलेल्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येत नव्हती. याचं उत्तम उदाहरण म्हणजे नारो गोविंद औटी यांचं प्रकरण. औटी हे पेशव्यांचे रायगडावरचे अधिकारी. गड इंग्रजांच्या ताब्यात आला तो अटी ठरवून, आणि त्या अटींत खाजगी मालमत्तेला हात लावणार नाही असं कबूल केलेलं होतं. औटी पुण्याला आले. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना अटकेत ठेवलं आणि त्यांच्याकडचा खजिना पेशव्यांचा आहे असं म्हणून जप्त केला. पुढे मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लागला आणि कोर्टाने तो मंजूरही केला, तोही थेट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनविरुद्ध. पण १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. पुण्यात तोफा थांबल्या असल्या तरी युद्ध संपलेलं नव्हतं, म्हणून ही जप्ती लष्करी कारवाई ठरते आणि लष्करी कारवाईवर दिवाणी कोर्टाचा अधिकार चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. विजेता आपल्या सैनिकांच्या हिश्श्यासाठी न्यायालयं उघडी ठेवतो आणि ज्याचं धन गेलं त्याला सांगतो की हा विषय न्यायालयाचा नाहीच! ‘त्या काळी तसंच चालायचं’ असं म्हणून या प्रकरणाला बगल देणाऱ्यांना मी विचारीन की मुंबईच्या न्यायाधीशांना त्याच काळात राहून वेगळं का दिसलं? अन्याय ओळखणारी नजर त्या काळीही होती, आणि ती इंग्रज न्यायाधीशांकडेही होती.

नाशिकचा हिरा याच यंत्रणेतून गेला. लंडनमध्ये तो रन्डेल अँड ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांकडे आला. हिंदुस्थानी कारागिराने घडवताना त्याचं वजन राखलं होतं. आपल्याकडे रत्नाचा मान त्याच्या आकारमानाला होता, म्हणून दगड जितका वाचवता येईल तितका वाचवत. लंडनला तेज हवं होतं. रन्डेलने तो पुन्हा कापून घेतला आणि त्याचं वजन ८० कॅरटच्या आसपास आलं. पुढे जुलै १८३७ मध्ये लंडनच्या विलिस रूम्समधल्या लिलावात तो ७,२०० पौंडांना गेला आणि लवकरच मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरच्या घराण्यात पोचला. अर्काटच्या नबाबाचे म्हणून प्रसिद्ध असलेले हिरेही त्याच लिलावातून त्याच घरात गेले. त्र्यंबकेश्वराचा हिरा त्यांनी दरबारी तलवारीच्या मुठीत बसवला. शिवाला वाहिलेलं रत्न इंग्रज सरदाराच्या मिरवायच्या तलवारीवर! १९४० मध्ये अमेरिकन जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पॅरिसमध्ये घेतला आणि पुन्हा कापला. या वेळी जवळजवळ निम्मा दगड गेला आणि उरला तो आजचा ४३.३८ कॅरटचा चौकोनी हिरा. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले. त्यानंतर तो लेबनीज जवाहिरे रॉबर्ट मुआवाद यांच्या संग्रहात गेला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वरवरचा नाही. हिरा दोनदा कापला, अर्ध्याहून अधिक दगड भुकटी होऊन गेला. मग आजचा हिरा त्र्यंबकेश्वराचा म्हणायचा कोणत्या आधारावर? असाच प्रश्न एकदा अमेरिकेत न्यायालयापुढे आला होता. १९२० च्या दशकात फ्रेंच जवाहिरे मोबुसाँ यांनी हा हिरा अमेरिकेत नेला तो शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू म्हणून, कारण तशा वस्तूंवर जकात नव्हती. तिथल्या एका प्रतिस्पर्धी जवाहिऱ्याने हरकत घेतली की ही कलावस्तू नाही, दागिन्यात बसवायचा माल आहे, जकात घ्या. जकातीचा हा खटला बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उघड होते. व्यापाऱ्याला सोयीचं असेल तेव्हा हा हिरा प्राचीन, ऐतिहासिक, देवळातला. सोयीचं नसेल तेव्हा नुसता दगड. माझं उत्तर सोपं आहे. दोन्ही वेळा दगड कापला, पण नाव कोणी कापलं नाही. प्रत्येक विक्रीत ‘नासक’ हे नाव आणि देवळाची कथा किमतीत धरली गेली. ज्याने इतिहास विकून पैसा केला, त्याला त्या इतिहासातला अन्याय मात्र आपला नाही असं म्हणता येणार नाही.

मग दावा कोणाचा? पेशव्यांच्या वंशजांचा नाही, महाराष्ट्र सरकारचा नाही, भारत सरकारचाही मुळात नाही. दावा त्र्यंबकेश्वराचा आहे. हे मी भक्तिभावाने म्हणत नाही, कायद्याच्या भाषेत म्हणतो आहे. हिंदू कायद्यात देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे; तिची मालमत्ता असते, ती दावा लावू शकते. १९२५ मध्ये मलिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेच हे स्पष्ट शब्दांत मान्य केलं. म्हणजे औटींच्या प्रकरणात दार बंद करणाऱ्या त्याच न्यायपीठाने पुढे देवतेला व्यक्ती मानलं. त्याहून महत्त्वाचं उदाहरण पथूरच्या नटराजाचं आहे. तमिळनाडूत तंजावर भागातल्या पथूर गावी जमिनीत सापडलेली बाराव्या शतकातली कांस्यमूर्ती चोरट्या मार्गाने लंडनला गेली आणि एका कॅनेडियन कंपनीने ती विकत घेतली. लंडनच्या पोलिसांनी ती ताब्यात घेतली आणि खटला उभा राहिला. ज्या देवळाची मूर्ती म्हणून दावा होता, ते केव्हाच पडझड होऊन दगडांचा ढीग झालेलं होतं. तरी १९९१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्या देवळाला दावा लावण्याचा अधिकार आहे असं ठरवलं, आणि नटराज घरी आला. पडक्या देवळाला जर लंडनमध्ये बोलता येतं, तर ज्या मंदिरात आज रोज पूजा चालते, जे नानासाहेब पेशव्यांनी काळ्या दगडात नव्याने बांधून काढलं, ते गप्प का?

पथूरची मूर्ती विसाव्या शतकात चोरीला गेली होती; आपला हिरा दोनशे वर्षांपूर्वी युद्धात गेला. मुदतीचा कायदा आड येईल, औटींच्या निकालाचा दाखला दिला जाईल. आज खटला लावला तर तो टिकेल असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते इतकंच की वादी बदलला की वादाचं स्वरूप बदलतं. देवाने युद्ध पुकारलं नव्हतं. देव हरला नव्हता. देवाने तहावर सही केली नव्हती. बाजीरावाकडे हा हिरा असेल तर तो ठेव म्हणून, रक्षक म्हणून. रक्षकाच्या ताब्यातून घेतलेली दुसऱ्याची ठेव लूट म्हणून सैन्यात वाटता येते का? हा प्रश्न १८१८ मध्ये कोणी विचारला नाही, कारण विचारणाऱ्याला अटक होत होती.

यावर एक जण मला म्हणेल की देवळाच्या धनाचं एवढं कौतुक कशाला. ते रयतेच्या घामाचंच होतं ना? खरं आहे, आणि त्याच्याही मागे जायला हवं. ब्राझीलमध्ये अठराव्या शतकात हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवले ते मुख्यतः आपल्या देशाने, त्यातही कृष्णेच्या खोऱ्यातल्या गोवळकोंड्याच्या खाणींनी. तावेर्निए हा फ्रेंच जवाहिरा सतराव्या शतकात कोल्लूरला गेला होता. तिथे पुरुष, बायका, मुलं मिळून साठ हजारांच्या आसपास माणसं राबत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. पुरुष खणत, बायका-मुलं माती वाहत. त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या हिऱ्याला नाही. हिऱ्यांना राजांची नावं मिळतात, सरदारांची मिळतात, दुकानदारांची मिळतात. म्हणूनच देवळाचा दावा मला राजाच्या दाव्यापेक्षा जवळचा वाटतो. देवाला वाहिलेलं धन खाजगी चैनीचं नसतं. ते एका गावाच्या, एका तीर्थाच्या सामायिक मालकीत जातं, निदान जायला हवं. तिथे चुका झाल्या, पुजाऱ्यांनी आणि सत्ताधाऱ्यांनी ते हवं तसं वापरलं, हेही खरं. पण ती भांडणं आपण आपल्यात केली असती. आपल्याला ती करण्याची संधीच उरली नाही.

दावा सांगायचा तर पुरावा हवा, आणि इथे आपला मोठा दोष आहे. या हिऱ्याबद्दल जे काही प्रसिद्ध आहे, ते बहुतेक लंडन-न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्यांनी लिहिलेलं आहे. ‘मूर्तीचा डोळा’ हे त्याचं टोपणनावही त्यांचंच. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात डोळे असलेली मूर्ती नाही, खोलगट पिंडी आहे आणि तिच्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, हे तिथे एकदा दर्शन घेतलेल्याला ठाऊक असतं. पण देवाच्या डोळ्यातून काढलेलं शापित रत्न ही कथा युरोपात खपत होती. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ मध्ये आली तीही हिंदू देवाच्या अशाच हिऱ्यावर. शापाची कथा ऐकायला रंजक असते, आणि ती लुटणाऱ्याच्या सोयीचीही असते. कारण मग विषय देवाच्या कोपाचा होतो, माणसाच्या हिशेबाचा राहत नाही. आपली वर्तमानपत्रंही हीच कथा उचलतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

खरा पुरावा दोन ठिकाणी शोधायला हवा. एक लंडनला, दख्खनच्या लुटीच्या हिशेबात आणि तिच्या वाटणीवरून झालेल्या वादांच्या कागदांत. दुसरा इथेच, पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात. कोट्यवधी मोडी कागद तिथे आहेत. रियासतकार सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते काम आजही उपकारक आहे; पण निवड ती निवडच. देवस्थानांना दिलेली इनामं, वाहिलेले दागिने, जामदारखान्याच्या याद्या यांतलं बरंच काही अजून वाचायचं आहे. मोडी वाचणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना नीट मानधन देऊन वर्षानुवर्षं बसवण्याची तजवीज मात्र नाही.

आणि तजवीज नसली की काय होतं, ते अलीकडे दिसलं आहे. सातारच्या संग्रहालयात २०२४ मध्ये वाघनखं आली, ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने ४७ लाखांहून अधिक रुपये मोजून ती घेतली. तलवार आली याचा आनंद मलाही झाला. तरी आपल्या घरातून गेलेली वस्तू बाजारभावाने विकत घेणं म्हणजे बाजाराला सांगणं की तुमची मालकी आम्हाला मान्य आहे. त्याच वर्षी पिप्रहवाच्या बौद्ध अवशेषांबरोबरची रत्नं हाँगकाँगला लिलावात निघाली, तेव्हा भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली आणि लिलाव थांबला. पुढे तीही एका भारतीय उद्योगसमूहाने विकत घेतली. पण नोटिशीने लिलाव थांबतो, हे तिथे सिद्ध झालं. तिथे उत्खनन कोणी केलं, काय सापडलं, कोणाकडे गेलं, याचे कागद तयार होते.

नाशिकचा हिरा आज खाजगी संग्रहात गेलेला आहे. खाजगी वस्तू कधी ना कधी पुन्हा बाजारात येते. दोनशे वर्षांत हा हिरा अनेकदा आला. पुढच्या वेळी तो लिलावाच्या यादीत दिसेल, तेव्हा देवस्थानाच्या नावाने हरकत दाखल व्हायला हवी, सोबत मोडी कागदांच्या प्रमाणित नकला आणि लुटीच्या हिशेबातल्या नोंदी जोडून. ती लिलावगृहाकडे जावी, तिथल्या सरकारकडे जावी आणि खरेदी करू पाहणाऱ्यालाही कळावी. हे काम लिलावाची तारीख जाहीर झाल्यावर करायला घेतलं तर होणार नाही. देवस्थान, पुराभिलेख संचालनालय आणि विद्यापीठातले मोडीचे जाणकार यांनी ते आत्ता हाती घ्यायला हवं.